वॉशिंग्टनचं घर ओळखलं कसं? फेरी फार्मच्या उत्खननाची गोष्ट

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात रॅपाहॅनॉक नदीच्या काठी फ्रेडरिक्सबर्ग नावाचं जुनं गाव आहे. गावासमोर, नदीच्या पलीकडच्या उंच काठावर एक शेत आहे. त्याला फेरी फार्म म्हणतात. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन वयाच्या सहाव्या वर्षापासून विशीपर्यंत इथं राहिले. यात वाद कधीच नव्हता. जमीन कुणाची, कधी घेतली, कुणाला विकली, सगळं कागदोपत्री होतं. फक्त घर नव्हतं. जमिनीच्या वर एक वीटही उरलेली नव्हती आणि घर नेमकं कुठं होतं, हे खात्रीनं सांगणारं कुणी नव्हतं.

डेव्हिड म्युराका आणि फिलिप लेव्ही या पुरातत्त्वज्ञांच्या तुकडीनं या शतकाच्या सुरुवातीला पद्धतशीर शोध हाती घेतला. 2 जुलै 2008 रोजी, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या ऐन तोंडावर, घर सापडल्याचं जाहीर झालं. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली. पण ‘सापडलं’ म्हणजे काय सापडलं? दगडांनी बांधलेली दोन तळघरं, चुलाण्याच्या धुराड्यांचे पाये, मातीत उमटलेले गडद डाग आणि लाखोंच्या घरात जाणारे तुकडे. भिंत नाही, छप्पर नाही, नावाची पाटी तर नाहीच. एवढ्यावरून ‘हे वॉशिंग्टनचंच घर’ असं छातीठोकपणे कसं म्हणायचं? मला या सगळ्या प्रकरणात घरापेक्षा हा प्रश्न जास्त रंजक वाटतो.

आधी कागद काय सांगतात ते बघू. जॉर्जचा जन्म 1732 चा. वडील ऑगस्टिन वॉशिंग्टन जमीनदार होते आणि जवळच्या लोखंडाच्या भट्टीत त्यांची भागीदारी होती. 1738 मध्ये त्यांनी कुटुंब या शेतावर आणलं. 1743 मध्ये ते वारले, तेव्हा जॉर्ज 11 वर्षांचा होता. ऑगस्टिन यांच्या पहिल्या बायकोची दोन मुलं मोठी होती, चांगल्या जमिनी त्यांच्याकडे गेल्या. पुढं वॉशिंग्टन यांचं घर, माउंट व्हर्नन, म्हणून प्रसिद्ध झालेली जागा थोरल्या लॉरेन्सला मिळाली. जॉर्जच्या वाट्याला हे शेत आलं, तेही सज्ञान झाल्यावर. तोवर आई मेरी पाच मुलांना घेऊन शेत सांभाळत राहिली. 1770 च्या दशकाच्या सुरुवातीला ती नदीपलीकडे गावात राहायला गेली आणि 1774 मध्ये वॉशिंग्टन यांनी शेत ह्यू मर्सर या डॉक्टरला विकलं. हा मर्सर पुढं स्वातंत्र्ययुद्धात सेनापती झाला आणि प्रिन्सटनच्या लढाईत झालेल्या जखमांनी 1777 मध्ये गेला.

म्हणजे शोधायचं होतं ते असं घर: 1738 च्या आधी बांधलेलं, 1740 ते 1770 या काळात भरल्या घरासारखं नांदतं असलेलं, आणि त्यानंतर हळूहळू ओस पडलेलं. वडील गेल्यावर त्यांच्या मालमत्तेची जी यादी झाली, त्यात सामान खोलीखोलीनुसार नोंदलेलं होतं. त्यामुळे घर किती खोल्यांचं असावं याचाही अंदाज होता. स्वतः वॉशिंग्टन हे पेशानं जमीन मोजणारे. सतराव्या वर्षी ते एका जिल्ह्याचे सरकारी मोजणीदार झाले होते. शेत विकण्याआधी 1771 मध्ये त्यांनी ते मोजलं, त्याच्या नोंदी राहिल्या. पण मोजणी शेताची होती. घराचा नकाशा काही कुणी काढून ठेवलेला नव्हता.

आणि मध्ये 200 वर्षं गेलेली. 1833 मध्ये एका चित्रकारानं हे शेत रंगवलं, तेव्हाच तिथं घराच्या जागी पडझड दिसते. चांगले दगड-विटा लोक उचलून नेतात, तसे नेले असणार. त्यावर नांगर फिरला. 1862 मध्ये अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत उत्तरेच्या सैन्यानं इथं तळ ठोकला, नदीवर तराफ्यांचे पूल टाकले आणि याच काठावर खंदक खणले. त्यातला एक खंदक घराच्या जागेतूनच गेला आहे. नंतर नवी घरं बांधली गेली, पाडली गेली. 1870 च्या दशकातली एक खोली तर ‘इथं बसून वॉशिंग्टन मोजणी शिकले’ असं सांगत पर्यटकांना दाखवली जायची. ते गेल्यानंतर तब्बल सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी बांधलेली खोली! 1996 मध्ये या जागेला लागून वॉलमार्टचं मोठं दुकान यायचं होतं. स्थानिक लोकांनी विरोध केला, एका वारसा संस्थेनं जमीन घेतली, दुकान जरा पुढं सरकलं. नाहीतर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

तीन जागा, दोन चुकीची घरं

तुकडीनं संशयित जागा तीन धरल्या. पहिल्या जागी खणलं, घर लागलं, पण ते निघालं 17 व्या शतकातलं, वॉशिंग्टन कुटुंबाच्या आधीचं. दुसऱ्या जागी लागलं ते 19 व्या शतकातलं, म्हणजे फार उशिराचं. तिसऱ्या जागी मात्र काळ जुळला.

‘निघालं 17 व्या शतकातलं’ हे मी सहज लिहून गेलो, पण सगळी मेख तिथंच आहे. मातीतल्या घरावर तारीख नसते. ती काढावी लागते, आणि ती काढायचं मुख्य साधन म्हणजे कचरा.

त्याचं तर्कशास्त्र साधं आहे. समजा, आजीची कुलूप लावलेली ट्रंक उघडली आणि तळाशी 2000 रुपयांची गुलाबी नोट निघाली. मग आजी काहीही म्हणो, ती ट्रंक नोव्हेंबर 2016 नंतर एकदा तरी उघडलेली आहे. बाकी सगळे लुगडी-खण 1950 चे असले तरीही. पुरातत्त्वज्ञ खड्ड्याकडे, थराकडे असंच बघतात. त्यातली सगळ्यात अलीकडची वस्तू कोणती? थर त्या वस्तूच्या जन्माआधी बंद झालेला असूच शकत नाही. जुन्या वस्तू कितीही सापडोत, त्या काही सिद्ध करत नाहीत, कारण जुनं भांडं नव्या काळातही फुटतं.

यात चिनीमातीचे आणि तत्सम भांड्यांचे तुकडे फार कामाला येतात. त्या काळात इंग्लंडच्या कुंभारांमध्ये नव्या भांड्यांची चढाओढ होती, आणि कोणत्या प्रकारचं भांडं कधी बाजारात आलं, हे दशकाच्या अंतरानं माहीत आहे. मिठाची झिलई दिलेली पांढरी भांडी 1720 च्या सुमाराची. सायीच्या रंगाची ‘क्रीमवेअर’ 1760 च्या दशकात आली. निळसर झाक असलेली ‘पर्लवेअर’ 1780 च्या आसपास. आता एखाद्या तळघराच्या भरावात पहिली दोन भरपूर आणि तिसरी जेमतेम, असा हिशेब लागला, तर ते घर कधी भरलेलं होतं आणि कधी ओस पडलं, हे उलगडतं. नखाएवढ्या तुकड्यावरून हे काम होतं. म्हणून तर खणलेली सगळी माती चाळणीतून जाते आणि एकेक तुकडा कोणत्या चौकोनातून, कोणत्या थरातून आला ते लिहिलेल्या पिशवीत पडतो. ही नोंद हरवली तर तुकडा नुसता सुंदर उरतो, पुराव्याच्या कामाचा राहत नाही.

दुसरं साधन माझं आवडतं आहे: चिलमीची नळी. त्या काळी तंबाखू ओढायला पांढऱ्या मातीच्या लांब नळीच्या चिलमी असत. स्वस्त, ठिसूळ, पडली की तुटणाऱ्या. त्यामुळे कुठल्याही वसाहतीच्या जागी नळ्यांचे पेरापेरांएवढे तुकडे ढिगांनी मिळतात. व्हर्जिनियातल्याच जेम्सटाउन या जुन्या इंग्रज वसाहतीच्या जागी उत्खनन करणाऱ्या जे. सी. हॅरिंग्टन यांच्या लक्षात आलं की नळीचं भोक काळानुसार बारीक होत गेलंय. नळ्या लांब होत गेल्या आणि भोक पाडायची तार बारीक झाली, असं त्याचं कारण सांगतात. 1954 मध्ये त्यांनी हे मांडलं. मोजायला उपकरण काय? सुताराकडची ड्रिलची पाती. कोणतं पातं भोकात नीट बसतं ते बघायचं. एका इंचाचे 64 भाग केले, तर 1620 ते 1650 मधल्या नळीला 8 भागांचं पातं बसतं, 1680 ते 1710 मधल्या नळीला 6, 1710 ते 1750 ला 5 आणि त्यानंतरच्या नळीला 4. एका तुकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. शंभर-दोनशे तुकडे मोजले की मात्र जागेचा काळ बऱ्यापैकी समोर येतो. 17 व्या शतकातलं घर आणि 18 व्या शतकातलं घर वेगळं करायला हे पुरेसं ठरतं.

तिसरी गोष्ट म्हणजे मातीचा रंग. खड्डा खणून पुन्हा भरला की आतली माती आजूबाजूच्या मातीसारखी कधीच दिसत नाही. लाकडी खांब कुजून गेला तरी त्याच्या जागी गोल, गडद डाग राहतो. आपल्याकडे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावचं उत्खनन झालं, तेव्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुडाच्या झोपड्या अशाच खांबांच्या खड्ड्यांवरून वाचल्या. पद्धत तीच. फेरी फार्मवर वरची हातभर माती नांगरानं घुसळून टाकलेली, तिच्यात काळ सगळा मिसळलेला. पण तळघरांपर्यंत नांगर पोचत नाही. घर पडल्यावर तळघरं भरावानं बुजली आणि तो भराव जसाच्या तसा राहिला. आज जे काही ठामपणे सांगता येतं, त्याचा मोठा वाटा या भरावाचा.

असं सगळं जुळवत गेल्यावर दिसलं ते नदीकडे तोंड करून असलेलं, साधारण 54 फूट लांबीचं, दीड मजली, आठ खोल्यांचं लाकडी फळ्यांचं घर. लोकांच्या डोक्यात मात्र वेगळंच चित्र होतं. 19 व्या शतकातल्या चित्रांमुळे वॉशिंग्टन एका इवल्याशा खेडवळ घरात वाढले, अशी समजूत पसरली होती. गरिबीतून वर आलेला नायक लोकांना हवाच असतो. जमिनीनं सांगितलं की हे खात्यापित्या जमीनदाराचं घर होतं. वाडा नव्हे, पण झोपडीही नव्हे.

आग

1740 च्या नाताळच्या आदल्या दिवशी या घराला आग लागली, असा उल्लेख मिळतो. पुढच्या चरित्रकारांनी तिची मोठीच आग केली. घर जळून खाक, कुटुंब उघड्यावर, वगैरे. उत्खननात जळकी माती आणि कोळसलेले अवशेष सापडले खरे, पण घराच्या एका भागापुरते. अख्खं घर जळालं असतं, तर तळघरांमध्ये राखेचा, वितळलेल्या काचेचा, भाजलेल्या गिलाव्याचा सलग थर मिळायला हवा होता. तसा तो नाही. म्हणजे आग लागली, विझवली, दुरुस्ती करून लोक तिथंच राहिले.

हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. इथं एरवीसारखं काही सापडल्यावरून निष्कर्ष निघालेला नाही, जे सापडायला हवं होतं ते न सापडल्यावरून निघालाय. असा पुरावा जपून वापरावा लागतो. ‘नाही मिळालं’ म्हणजे ‘नव्हतंच’ असं नेहमी नसतं. पण आगीसारखी घटना जर मोठी असेल, तर ती माग ठेवल्याशिवाय जात नाही.

केसांचे टोप आणि फुटका वाडगा

सापडलेल्या वस्तूंमध्ये एक चमत्कारिक वस्तू फार मोठ्या संख्येनं आहे: पांढऱ्या भाजक्या मातीच्या छोट्या रिळा. टोकं जाड, मध्ये बारीक, बोटाच्या पेराएवढ्या. शेकड्यांनी मोजाव्या इतक्या. त्या केसांच्या टोपाला, म्हणजे विगला, कुरळं करायला वापरत. टोपाचे केस रिळांवर गुंडाळायचे आणि उष्णता द्यायची, की बटा टिकून राहत. गंमत अशी की स्वतः जॉर्ज वॉशिंग्टन विग वापरत नसत. चित्रांत दिसतात ते त्यांचे स्वतःचेच केस, मागं बांधलेले आणि पूड लावलेले. मग रिळा कुणासाठी? घरात आणखी तीन मुलगे वाढत होते. त्या काळच्या प्रतिष्ठित घरातल्या पुरुषाला विग लागायचा, आणि तो नीट ठेवणं हे खर्चाचं, कौशल्याचं काम होतं. ते काम बहुधा घरातल्या गुलामांकडे असणार.

आता ही रिळ आणि घरातली परिस्थिती शेजारी ठेवा. कर्ता पुरुष गेलाय. बाई तिशीत विधवा झाली आहे. मोठ्या सावत्र भावांचं शिक्षण इंग्लंडमध्ये झालं होतं, जॉर्जला ते मिळणार नाही. उत्पन्न बेताचं. तरी मुलांच्या डोक्यावर विग आहे, चहाची भांडी आहेत. चरित्रकारांनी मेरी वॉशिंग्टनला बराच काळ तक्रारखोर, मुलाला धरून ठेवणारी आई म्हणून रंगवलं. तिच्या तळघरातला कचरा वाचला तर दिसते ती वेगळीच बाई. घराची पत खाली पडू नये म्हणून पैसा कुठं घालायचा आणि कुठं वाचवायचा, हे पक्कं ठाऊक असलेली.

वाचवायचा कुठं, याचा नमुना एक वाडगा आहे. क्रीमवेअरचा, पंच नावाचं पेय पाहुण्यांसमोर ठेवायचा मोठा वाडगा. त्यावर हातानं रंगवलेल्या चेरी आहेत. हो, चेरीच! छोट्या वॉशिंग्टनची आणि चेरीच्या झाडाची गोष्ट प्रसिद्ध, मग पत्रकारांना आणखी काय हवं? पण बारकाईनं बघणाऱ्यांचं लक्ष चेरीकडे नव्हतं, फुटीच्या कडांकडे होतं. कडांवर तपकिरी थर होता. तो चिकटवायच्या पदार्थाचा निघाला. वाडगा फुटला होता आणि जोडला होता. अशा जोडलेल्या वाडग्यात गरम पेय काही टिकायचं नाही. पण कपाटात, जोड मागच्या बाजूला करून ठेवला, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला चेरी दिसतात. हा माझा अंदाज झाला. जोडलेला वाडगा फडताळात दर्शनी ठेवणारी घरं मात्र जगात कुठंही सापडतील.

एका चिलमीवरूनही बराच गाजावाजा झाला. तिच्यावर फ्रीमेसन पंथाचं चिन्ह आहे, आणि वॉशिंग्टन 1752 मध्ये त्या पंथाच्या फ्रेडरिक्सबर्गमधल्या शाखेचे, म्हणजे लॉजचे, सदस्य झाले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या. म्हणून चिलीम त्यांचीच? असं म्हणायला आधार नाही. गावात इतर मेसन होते, भाऊ होते, पाहुणे होते. वस्तू घराची आहे एवढं माती सांगते. ती कुणाच्या हातात होती, हे ती जवळजवळ कधीच सांगत नाही.

हाच नियम सगळ्यात जास्त बोचतो तो गुलामांच्या बाबतीत. ऑगस्टिन गेले तेव्हा या शेतावर 20 गुलाम होते. मृत्युपत्रानुसार 11 वर्षांच्या जॉर्जच्या नावावर 10 माणसं झाली. घरात वॉशिंग्टन कुटुंबाची माणसं फार तर सात-आठ. म्हणजे शेतावर राहणाऱ्यांत बहुसंख्य ही माणसं. स्वयंपाक त्यांनी केला, विगच्या रिळा त्यांनी वापरल्या असतील, वाडगाही कदाचित त्यांच्यातल्याच कुणी जोडला असेल. तरी बातम्यांत प्रत्येक तुकडा ‘वॉशिंग्टन यांचा’ म्हणून येतो. मुख्य घराभोवती स्वयंपाकघर आणि इतर लहान इमारतींचे अवशेषही खणले जातात. फेरी फार्मवरचं खरं शिल्लक काम मला वाटतं तिथं आहे.

चेरीच्या झाडाचं काय?

हे विचारल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. आपल्याकडच्या बोधकथांतही ही गोष्ट घुसली आहे: छोट्या जॉर्जनं कुऱ्हाडीनं झाड तोडलं आणि ‘बाबा, मी खोटं बोलणार नाही’ म्हणून कबूल केलं. गोष्ट फेरी फार्मवर घडल्याचं मानतात. ती छापली मेसन लॉक वीम्स या पुस्तकं विकत फिरणाऱ्या पाद्र्यानं, आपल्या वॉशिंग्टन-चरित्राच्या 1806 च्या आवृत्तीत. त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती 1800 ची, आणि तिच्यात ही गोष्ट नव्हतीच. शिवाय वीम्सच्या मूळ गोष्टीत जॉर्ज झाड पाडत नाही, फक्त साल सोलून काढतो. पाडलं ते पुढच्या सांगणाऱ्यांनी.

पुरातत्त्वाला यात करण्यासारखं काही नाही. लहान मुलानं वडिलांना काय सांगितलं, याचा मातीत थर नसतो. पण त्या गोष्टीचाच एक इतिहास जमिनीवर दिसतो. 1862 मध्ये तळ ठोकलेल्या सैनिकांना ही गोष्ट ठाऊक होती. आपण कुठं आहोत, हे त्यांनी घरी पत्रांत लिहिलं आणि जागेवरच्या चेरीच्या लाकडाच्या वस्तू आठवण म्हणून कोरल्या. गोळ्या, गणवेशाच्या गुंड्या आणि त्यांचा खंदक हा आज त्याच जागेच्या नोंदीचा भाग आहे. त्याहून खोल गेलं तर इथल्या मूळ रहिवाशांची हजारो वर्षांपूर्वीची दगडी हत्यारंही मिळतात. एका प्रसिद्ध मुलाची बारा-पंधरा वर्षं शोधायला हे सगळं चाळावं लागतं, आणि प्रामाणिक तुकडी ते बाजूला टाकत नाही, तेही तितक्याच नीट नोंदवते.

नंतरच्या काळात त्याच जागेवर, खालच्या अवशेषांना धक्का लागू नये अशा बेतानं, घर पुन्हा बांधलं गेलं. लांबी-रुंदी, तळघरांची आणि धुराड्यांची जागा उत्खननातून घेतली, खोल्यांमधलं सामान 1743 च्या यादीवरून ठरवलं, बाकीचं त्या काळच्या इतर घरांवरून. भिंतींचा रंग, जिन्याचं वळण अशा बऱ्याच गोष्टी अंदाजाच्या आहेत. ताटल्या, खुर्च्या, पलंग सगळ्या नव्यानं घडवलेल्या प्रतिकृती, म्हणून एरवी संग्रहालयात दोरीच्या अलीकडून बघाव्या लागणाऱ्या खुर्चीत इथं बसता येतं आणि कप्पे उघडून बघता येतात. चेरी रंगवलेल्या वाडग्याचे खरे तुकडे मात्र क्रमांक घातलेल्या पिशव्यांच्या दुनियेत आहेत, पुढच्या चाचण्यांसाठी.